ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली गाडी बर्फात आणि पावसात किती उपयोगी पडते?

प्रश्न (वाटसरू):
एकाच गाडीचे दोन प्रकार माझ्यासमोर आहेत. एकात इंजिनाचा जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो, तर दुसऱ्यात गरज पडेल तेव्हा तो मागच्या चाकांकडेही जातो. माझ्या रोजच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ असतो, एरवी भरपूर पाऊस, आणि मध्ये वळणावळणाचा एक लांब उतार आहे. विक्रेता म्हणतो की ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली की बर्फाची चिंताच मिटली. मेकॅनिक म्हणतो की त्या वाढीव पैशांत हिवाळी टायर घ्या. चढावर होणारा फायदा माझ्या लक्षात येतो. पण ब्रेक लावताना, वळताना आणि साचलेल्या पाण्यातून जाताना या यंत्रणेने नेमका काय फरक पडतो?

उत्तर (दंतचक्र):
विक्रेता सांगतो ते गाडी जागेवरून हलेपर्यंत खरे आहे. निसरड्या रस्त्यावर एक टायर मर्यादितच जोर जमिनीवर उतरवू शकतो. तो जोर दोनाऐवजी चार टायरांत वाटला गेला की चाके जागच्या जागी फिरत नाहीत आणि चढावर थांबलेली गाडीसुद्धा विनातक्रार निघते. मात्र ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत हा फायदा उरतच नाही.

आकड्यांत पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबल्यापासूनचा थांबण्याचा पल्ला कोरड्या डांबरावर, घर्षणगुणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप) ०.८ धरल्यास, सुमारे १२ मीटर येतो. दबून घट्ट झालेल्या बर्फावर तो गुणांक ०.२ च्या आसपास उतरतो आणि पल्ला ५० मीटरांच्या घरात जातो. गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर ०.१ धरला तर पल्ला १०० मीटरांच्या घरात जातो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेला वेळ यात धरलेला नाही. या हिशेबात वेग आहे, घर्षण आहे, गुरुत्वाकर्षण आहे. इंजिन किती चाकांना जोडले आहे याला त्यात जागाच नाही.

माझ्या मते खरा धोका इथेच आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी निघतानाच चाके घसरवून रस्ता कसा आहे ते सांगून टाकते. ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी त्याच रस्त्यावर सहज वेग घेते, चालकाला रस्ता बरा वाटतो, आणि पकड किती कमी आहे हे पहिल्या जोरदार ब्रेकला किंवा पहिल्या वळणाला कळते. म्हणून बर्फात निघाल्यावर मागे-पुढे कोणी नसताना, सरळ रस्त्यावर आणि अगदी कमी वेगात, एकदा ब्रेक दाबून पाहावा. पायाखाली एबीएसची (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर किती लवकर सुरू होते त्यावरून रस्त्याचा अंदाज येतो.

उत्तर (घाटवाट):
वरील विवेचन मान्य आहे, तरी वळणांच्या बाबतीत मी या यंत्रणेला थोडे अधिक श्रेय देईन. टायरची पकड ही एकच रक्कम असते. तीतूनच वेग वाढवायचा, तीतूनच वळायचे. ओल्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती सगळी मागणी पुढच्या दोन टायरांवर येते, ते वळायचे सोडून सरळ जाऊ लागतात आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. काही जोर मागे गेला तर पुढच्या टायरांकडे वळण्यासाठी पकड शिल्लक राहते. पण हे ॲक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंतच. वळणात शिरतानाच वेग जास्त असेल, तर कोणतीही ड्राइव्ह गाडीला आत ओढत नाही.

तुम्ही सांगता त्या प्रकारच्या गाड्यांत बहुधा मागच्या एक्सलपाशी, मागच्या चाकांकडचा जोर जोडणारा-तोडणारा एक क्लच असतो. जुन्या रचनांत पुढची चाके घसरल्यावरच तो जोडला जात असे, आताच्या गाड्या ॲक्सिलरेटर आणि स्टीअरिंगच्या हालचालींवरून तो आधीच आवळतात. जोरात ब्रेक लागून एबीएस सुरू झाले की अनेक गाड्यांत हा क्लच सुटतो, कारण प्रत्येक चाक वेगळे आवरता आले पाहिजे.

साचलेल्या पाण्याबाबत मात्र काहीच फायदा नाही. टायरच्या खाचा पाणी बाहेर काढू शकल्या नाहीत की टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या चाकाला कितीही जोर दिला तरी ते नुसते फिरते. तिथे खाचांची खोली, टायरमधील हवेचा दाब आणि वेग एवढेच पाहावे.

वाटसरू:
दोघांचेही आभार. आता हिवाळी टायरांकडे झुकतो आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली, तर असे टायर फक्त पुढे बसवून भागेल का?

उत्तर (दंतचक्र):
कृपया तसे करू नका. पुढे घट्ट पकड आणि मागे निसरडे टायर अशी गाडी उतारावर ब्रेक लावताच किंवा वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच मागून फिरते, कारण त्या क्षणी वजन पुढे सरकून मागची चाके आणखी हलकी होतात. चारही टायर सारखेच हवेत, आणि त्यांच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असावी. नुसती ‘एम अँड एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत. या टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते, म्हणून साधारण ७ अंश सेल्सिअसखाली ते उन्हाळी टायरांपेक्षा बरे ठरू लागतात.

पुढेमागे ऑल-व्हील ड्राइव्ह घेतलीत, तर एकच टायर फाटला तरी खर्च वाढू शकतो हे लक्षात ठेवा. नव्या टायरचा घेर झिजलेल्यांपेक्षा मोठा असल्याने ती चाके वेगळ्या गतीने फिरतात, आणि तो क्लच किंवा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) तो फरक सतत सोसत तापत राहतो. खाचांच्या खोलीत किती मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून मगच टायर बदला.