धग, झळ, चटका : शर्यतीच्या गाडीतील उष्णतेसाठी शब्द

प्रश्न : विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एकआसनी शर्यतीच्या गाडीचा तांत्रिक अहवाल मराठीत लिहीत आहे. एक्झॉस्टच्या नळीवर गुंडाळलेली पट्टी, त्या नळीपासून इंधनाची टाकी वाचवणारा पत्रा आणि चालकाच्या पाठीमागची फायरवॉल या तिन्हींसाठी मसुद्यात 'उष्णतारोधक' हा एकच शब्द आला आहे. त्यांना वेगळे शब्द सुचवता येतील का? शिवाय 'हीट सोक'ला काय म्हणावे?

प्रतिसाद : तिन्ही वस्तूंची कामे वेगळी असल्यामुळे शब्दही वेगळेच हवेत. पाठ्यपुस्तकात आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकतो. बोलीत त्यांच्या अगदी जवळ जाणारे चटका, झळ आणि धग हे शब्द आधीपासून आहेत. तापलेल्या वस्तूला हात लागला की चटका बसतो, तापलेली हवा अंगावर आली की झळ लागते आणि वस्तूपासून दूर असतानाही जाणवते ती धग.

एक्झॉस्टजवळ खरी अडचण धगीची असते. पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारे वायू साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसचे असू शकतात, आणि प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नळीचा पृष्ठभाग 600 केल्विनवरून 900 केल्विनवर गेला, तर तापमान दीडपट होते, पण धग पाचपट होते. ती अडवणारा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णता साठवत नाही, बहुतांश परतवतो, म्हणून त्याला 'धगरोधक पत्रा' म्हणावे. नळी आणि पत्रा यांच्यात हवा खेळती राहील अशी फट हवीच. पत्रा नळीला टेकला की प्रश्न धगीचा न राहता चटक्याचा होतो, आणि ॲल्युमिनियम तर 660 अंशांना वितळते. मॅक्लारेन एफ-वन या रस्त्यावरच्या गाडीत इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला होता, तोही सोने अवरक्त किरण उत्तम परतवते म्हणूनच. विद्यार्थ्यांच्या अंदाजपत्रकात तो बसणार नाही, हे वेगळे.

नळीवरच्या पट्टीला मात्र 'उष्णतारोधक वेष्टन' हेच नाव योग्य आहे, कारण काचतंतूंची किंवा बेसाल्टच्या तंतूंची ती पट्टी उष्णता आतच कोंडून ठेवते. त्यामुळे कप्पा थंड राहतो, पण नळीची भिंत आधीपेक्षा जास्त तापते आणि पातळ पोलादाचे आयुष्य घटते. वेष्टनात गळके तेल शोषले गेले तर आगीचाही धोका असतो. अहवालात हे दोन्ही परिणाम शब्दांतूनच वेगळे दिसले पाहिजेत.

फायरवॉलचे काम उष्णतेपुरते नसते. चालक आणि इंधन, तापलेले तेल किंवा शीतक (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांच्यामध्ये तिने उभे राहायचे असते, म्हणजे ज्वाळा आणि द्रव दोन्ही अडवायचे असतात. 'अग्निरोधक पडदी' हा शब्द मला पटतो. 'भिंत' म्हटले की उगाच विटा-चुना आठवतो.

दुसरा प्रतिसाद : 'धग'बद्दल सहमत आहे, 'झळ'बद्दल थोडी हरकत आहे. ज्वाळेच्या नुसत्या सान्निध्यानेही झळ लागते आणि महागाईचीही लागते, त्यामुळे आकडेमोडीच्या प्रकरणात अभिसरण आणि प्रारण हेच शब्द ठेवावेत आणि बोलीतले शब्द भागांच्या नावांपुरते व वर्णनापुरते वापरावेत. रेडिएटरमागून निघणारी हवा इंजिनाच्या श्वासमार्गावर येते, तेव्हा मात्र 'झळ' चपखल बसतो. हवा 20 अंशांऐवजी 50 अंशांची आत गेली, तर तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला 20 मिलिमीटरच्या गळ्यातूनच श्वास घ्यावा लागतो. तिथे प्रवाहाचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचल्यावर आत जाणाऱ्या हवेच्या वस्तुमानातले नुकसान सुमारे 5 टक्क्यांवर येते, तरी तेही सोसण्यासारखे नाही.

'हीट सोक'साठी 'उष्णता मुरणे' असे लिहावे. गाडी थांबली की वारा थांबतो, बहुतेक गाड्यांत शीतकाचा पंपही थांबतो, आणि धातूत साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत पसरू लागते, त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरही कप्प्याचे तापमान काही काळ वाढतच राहते. इंधनाच्या नळीत वाफ धरली तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. याच स्पर्धेतील सुमारे 22 किलोमीटरच्या सहनशक्तीच्या फेरीत मध्येच चालक बदलून तापलेले इंजिन पुन्हा सुरू करावे लागते, तेव्हा याचीच परीक्षा असते.

मूळ प्रश्नकर्ता : 'मुरणे'मध्ये सावकाशपणाची छटा आहे, ती इथे चालेल का?

दुसरा प्रतिसाद : चालेल, कारण ही क्रिया मिनिटांची आहे, क्षणांची नाही. जोडीला एक सुधारणा करावी : 'कप्प्यातील उष्णता 120 अंश झाली' असे न लिहिता 'तापमान 120 अंश झाले' असे लिहावे. अंश तापमानाचे असतात. उष्णता ज्यूलमध्ये मोजतात.