अनुभव धागा: घरच्यांना घेऊन परदेशी क्रूझ, खिशाला झेपेल अशी

अंबाजोगाईहून विचारायलोय. घरात सहाजण: आई-अण्णा, आम्ही दोघं, पोरगी आठवीत, पोरगा तिसरीत. आईनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ मनात आहे, अन् विमानासकट पाच लाखांच्या वर जायचं नाही. जाहिरातीतला आकडा बघितला की बसतंय वाटतं, एजंटाचा फोन ठेवला की बसत नाही. जाऊन आलेल्यांनी लिहा. फोटो नकोत, हिशेब लिहा. कुठं हात पोळले तेही लिहा.

लातूर

आम्ही पाचजण दिवाळीची सुटी संपल्यावरच्या आठवड्यात गेलतो. पोरांची शाळा चार दिवस बुडाली, पण सुटीतल्या अन् नंतरच्या भावातला फरक बघून मास्तरांना चिठ्ठी देणं परवडलं. सोयाबीनची पट्टीही तोवर हातात आलती.

जाहिरातीतला भाव माणशी असतो अन् एका खोलीत दोघं धरून असतो, हे पहिलं डोक्यात बसवा. त्याच खोलीत तिसरा-चौथा माणूस वरच्या घडीच्या पलंगावर झोपला तर त्याचं भाडं कमी पडतं. तुम्ही सहाजण, म्हणजे एक चौघांची अन् एक दोघांची खोली. बिनखिडकीचीच घ्या. खोलीत झोपण्यापुरतं जाणं होतं, समुद्र वरच्या डेकवरून फुकट दिसतो. भाड्यावर बंदराचे कर लागतात, अन् ग्रॅच्युइटी म्हणून, म्हणजे बोटीवरच्या कामगारांची बक्षिसी, दर रात्री दर माणशी पैसे कापतात, पोरांचेसुद्धा. आम्ही ते धरलंच नव्हतं. वायफाय, कोल्ड्रिंक, खास हॉटेलातलं जेवण, सगळं वेगळं. बोटीवर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर चढत जातं अन् शेवटच्या रात्री बिल दाराखालून सरकवतात. पोरांचं कार्ड खर्चासाठी पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या. आम्ही दुसऱ्या दिवशी शहाणे झालो.

आता सासूबाईंचं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन उभी राहिलेली ही बाई. बोटीवर पहिल्या सकाळी न्हाणीतून हाक: "अगं, बादली कुठंय? सगळं वाया चाललंय!" बादली नसतेच, नुसता शॉवर. समुद्राचंच पाणी बोटीवर गोडं करतात म्हटलं तर पटेना. नळाला बोट लावून चाटून बघितलं, मग गप्प बसल्या. तरी चारही दिवस दोन मिनिटांत अंघोळ उरकली. संडासात पाण्याची सोय नसते, कागदच. प्लास्टिकचा तांब्या बॅगेत वरच ठेवा.

नांदेड

नांदेडहून मुंबईला वंदे भारत आहे खरी, पण आपल्या भागातल्यांनी मुंबईचा हट्ट धरू नये. हैदराबाद जवळ पडतं अन् तिथून सिंगापूरला थेट विमान आहे. पोचायचं मात्र बोटीच्या आदल्या दिवशीच. विमान लेट झालं तर बोट थांबत नाही. एक रात्र लिटल इंडियात काढा, इडली-डोसा, थाळी सगळं मिळतं. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं मरीना साउथ पिअरला उतरलं की मरीना बे क्रूझ सेंटर जवळच. टॅक्सी लागत नाही. बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते ते तिकिटावर आधी वाचा.

उतरायच्या ठिकाणांचं सांगतो. मलेशियात पेनांगला बोट शहरालाच लागते, जॉर्जटाउन पायी होतं, मारिअम्मनचं देऊळही तिथंच. बोटीवाल्यांची सहल घेऊ नका. तिथलंच दुसरं बंदर पोर्ट क्लांग, तिथून क्वालालंपूर मात्र लांब आहे. थायलंडात फुकेतला मोठी बोट समुद्रातच उभी राहते अन् छोट्या बोटीनं किनाऱ्याला नेतात, त्या रांगेत तास जातो.

अन् घड्याळ! थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं. आमच्या बोटीवर सिंगापूरचीच वेळ होती, पण किनाऱ्यावर उतरल्यावर मोबाइल आपोआप मागं गेला. शेवटची छोटी बोट साडेचारला. मोबाइलमध्ये सव्वातीन वाजलेले बघून आम्ही निवांत नारळपाणी प्यायलोत. बोटीची वेळ सव्वाचार. एका ओळखीच्या चेहऱ्याच्या सरदारजीनं हाताचं घड्याळ दाखवलं म्हणून वाचलो. बायको चप्पल हातात घेऊन वाळूत पळाली ती मी आजवर पाहिली नव्हती. साधं मनगटी घड्याळ न्या, बोटीच्या वेळेला लावा, मग त्याला हात लावू नका.

बीड

आमच्या काकांची गोष्ट. सिंगापुरात तंबाखू, गुटखा, खैनी, च्युइंगम काहीच नेता येत नाही. मी घरून निघतानाच बजावलं होतं. तरी हैदराबादच्या विमानतळावर सदऱ्याच्या आतल्या खिशातून पुडी निघाली. डस्टबिनमध्ये टाकायला लावली. चुन्याची डबी तेवढी राहिली. पुढचे पाच दिवस काका डेकवर बसून डबी उघडायचे, बघायचे अन् झाकायचे. कोणाच्या घरी असा माणूस असेल तर महिनाभर आधी बोला.

जालना

आमच्या एजंटानं सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, भरण्याचे माणशी पैसे लावले. ते कार्ड सरकारी साइटवर फुकट भरतात. व्हिसा मात्र अधिकृत एजंटाकडूनच होतो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर त्याची हमाली. बोट परत सिंगापूरलाच येते, म्हणून दोनदा आत जाता येईल असा व्हिसा आहे ना ते बघून घ्या. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केलाय, पण त्यांचंही असंच डिजिटल कार्ड भरावं लागतं. निघायच्या आधी नियम पुन्हा तपासा.

बिलात टीसीएस, म्हणजे एजंटानं आधीच घेतलेला आयकर, दिसला की घाबरू नका, तो रिटर्न भरताना जमा धरतात. घरात जो रिटर्न भरतो त्याचंच पॅन द्या. आम्ही वडिलांचं दिलं, ते कधी रिटर्न भरत नाहीत. आता बसलोत निस्तरत.

परभणी

मला नाही आवडलं. तीन दिवस जेवायच्या रांगा, अन् वरणभात असूनही वरणभातासारखा लागत नाही. धपाटे नेले होते, पण घरचं शिजवलेलं वर नेऊ देत नाहीत, गेटवरच बसून खाल्ले. आईला मळमळ झाली ती वेगळीच. गोळी बोटीवर चढायच्या आधी द्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. खोली खालच्या मजल्यावर अन् बोटीच्या मध्याला घ्या, कमी हलते. पावसाळ्यात फुकेतकडं जाऊच नका.

हिंगोली

पासपोर्टचं कोणीच लिहिलं नाही! आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. आईच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून, मतदान कार्डावर नुसतं वर्ष. नाव एकीकडं माहेरचं, एकीकडं सासरचं. फी १५०० रुपयेच, पण दुरुस्तीच्या चकरा मोजल्या तर जीपचं भाडं त्याहून जास्त झालं. पोरांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, परतीनंतर सहा महिने शिल्लक हवेत. आधी कागदं, मग बुकिंग.

पुन्हा अंबाजोगाई

सगळ्यांचं वाचून दाखवलं. नोव्हेंबर पक्का, हैदराबाद पक्कं, बिनखिडकीच्या दोन खोल्या. तांब्याचं सांगितलं तर आई म्हणाली, पितळेचा घेऊ का, प्लास्टिकचा बरा दिसत नाही. मग तिचं आधार काढून बघितलं. १ जानेवारी. सोमवारी तहसीलला चाललोत.