प्रतिसाद: शिष्यवृत्ती साथसंगत करणाऱ्यांनाही हवी

गोव्यात संगीत शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीबद्दल इथे एका दादांनी लिहिलंय की देणगीदाराने ती परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकालाच द्यावी. मला हे पटत नाही. पहिला क्रमांक बहुधा गायकाचा, आणि तबला-संवादिनीवाली मुलं मागेच राहतात. खरं तर खर्च त्यांचाच जास्त.

मी स्वतः पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर तबला शिकत होतो तेव्हा पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सर्द होऊन आवाज बसायचा. ऐन परीक्षेच्या आठवड्यात पुडीवरच्या शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या लेपाचा, टवका उडाला आणि उसन्या तबल्यावर परीक्षा दिली. मंजूर झालेले शिष्यवृत्तीचे पैसे हातात आले ते वर्ष संपल्यावर. तेव्हा त्यांचा काय उपयोग?

म्हणून देणगी देणाऱ्यांना कळकळीची विनंती: पैसे जून-जुलैतच द्या, आणि वाद्यदुरुस्ती, पेडणे-काणकोणसारख्या गोव्याच्या टोकांहून येणाऱ्यांचं बसभाडं, खोलीभाडं यांचा विचार करा. ठेवीच्या व्याजावर शिष्यवृत्ती चालवायची तर हिशेब आधी मांडा. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार मिळतात, म्हणजे महिन्याला तीन हजारही नाहीत. एवढ्यात चार मुलांना वाटण्यापेक्षा एकाला तीन वर्षं धरून ठेवावं.

ज्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा भैरवीतला सूर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, त्यांच्या गोव्यात एखादं पोर तबल्याच्या पुडीपायी शिक्षण सोडतं, हे मला बघवत नाही. कुणी गावच्या देवस्थान समितीत असेल तर जत्रेच्या नाटकाच्या खर्चातून एका मुलाची फी काढता येईल का, एवढं बैठकीत विचारा.