बारा दिवसांची मास्टर्स: एकेरीत दूध किती, पाणी किती?

बेसलाइनवाला

सरळ मुद्द्यावर येतो. पुरुष टेनिसमधल्या, ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या नऊ मास्टर्स १००० स्पर्धांपैकी सात आता जवळजवळ दोन आठवडे चालतात. इंडियन वेल्स आणि मायामी आधीपासूनच लांब होत्या. २०२३ मध्ये माद्रिद, रोम आणि शांघाय वाढल्या, २०२५ मध्ये कॅनडा आणि सिनसिनाटी. मॉन्टे कार्लो आणि पॅरिस तेवढ्या आठवड्यात उरकतात. माझ्या मते हे वाढवणं चुकलं. निदान कॅनडा आणि सिनसिनाटी तरी पुन्हा आठवड्यावर आणाव्यात.

२०२५ चं टोरांटो आठवा. सिनर, अल्काराझ, जोकोविच, ड्रेपर, चौघांनीही माघार घेतली. विम्बल्डन संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते, कोण येणार? अंतिम सामना गुरुवारी. शेल्टन खाचानोव्हला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवत होता त्याच दिवशी सिनसिनाटीची मुख्य फेरी सुरूही झाली होती. मग सिनसिनाटीची फायनल सोमवारी. सिनर आजारी, ०-५ वर सामना सोडून दिला. अल्काराझ दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये मिश्र दुहेरी खेळायला हजर आणि रविवारी यूएस ओपन चालू. याला वेळापत्रक म्हणायचं?

आणि बघणाऱ्याचं काय? आठवड्याच्या स्पर्धेत रोज काहीतरी घडतं. बारा दिवसांत आपला आवडता खेळाडू दिवसाआड दिसतो, मधल्या दिवशी तंद्री मोडते.

पात्रताफेरी

पूर्ण असहमत. तुमच्या पोस्टमधली नावं बघा: सिनर, अल्काराझ, जोकोविच. एकेरी म्हणजे एवढे तिघंच का?

हिशोब मांडू या. आठवड्याच्या स्पर्धेतल्या ५६ जणांच्या ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेरीच्या यादीत, पात्रता फेरीतून येणारे आणि वाइल्ड कार्डवाले (आयोजकांच्या आमंत्रणावरचे) वजा केले की क्रमवारीवर थेट प्रवेश साधारण ४५ जणांना. लांब स्पर्धेच्या ९६ च्या ड्रॉमध्ये हाच आकडा ८० च्या जवळ जातो. साठ-सत्तर क्रमांकावरचा माणूस पूर्वी मास्टर्सच्या आठवड्यात दोन पात्रता सामने खेळायचा आणि हरला की बॅग भरायचा. आता त्याला मुख्य फेरीचे पैसे मिळतात. कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं, सगळं स्वतःच्या खिशातून करणाऱ्याला हा फरक किती मोठा असतो ते पहिल्या दहांतल्यांना विचारून कळणार नाही.

आणि वाशेरो विसरलात? शांघाय २०२५. क्रमवारी २०४. पात्रता फेरीतही त्याला आधी जागा नव्हती, राखीव यादीतून आत आला. दोन पात्रता सामने, मग मुख्य फेरीत सात, एकूण नऊ विजय. त्यात बुब्लिक, रुने आणि उपांत्य फेरीत जोकोविच. फायनलमध्ये सख्खा मावसभाऊ की चुलतभाऊ जे असेल ते, पण भाऊच, रिंडरक्नेश. पहिला सेट गेला, तरी ४-६, ६-३, ६-३. मास्टर्स जिंकणारा आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू. बक्षीस ११ लाख डॉलरच्या वर; त्याआधीची त्याची अख्ख्या कारकिर्दीची कमाई याच्या निम्म्याच्या आसपास होती. रिंडरक्नेश ५४ वा, म्हणजे छोट्या ड्रॉमध्ये त्याला थेट प्रवेश अवघडच होता.

लेट_कॉल

वाशेरोची गोष्ट सुंदर आहे, पण ती पुरावा म्हणून चालत नाही. तो आला पात्रता फेरीतून, आणि पात्रता फेरी छोट्या ड्रॉलाही असते. शिवाय त्यानंतर लगेच पॅरिसला, आठवड्याच्या, ५६ च्या स्पर्धेत तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलाच की. रोज खेळून.

पात्रताफेरी

गेला, मान्य. पण नऊ सामने शांघायच्या त्या दमट उकाड्यात रोजच्या रोज खेळून दाखवायला सांगा कुणाला. सिनर तिथे ग्रीकस्पोरविरुद्ध पायात गोळे येऊन कोर्टवरून बाहेर गेला, ते मधल्या सुट्टीचे दिवस असूनही. मधला दिवस हा लाड नाही, गरज आहे.

जुनी_रॅकेट

थोडं मागे जाऊ. ज्यांना आठवड्याच्या स्पर्धांचा सुवर्णकाळ आठवतो त्यांना रोम २००६ पण आठवायला हवं. तेव्हा मास्टर्सची फायनल पाच सेटची असायची. नदाल-फेडरर पाच तास पाच मिनिटं खेळले, पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदाल जिंकला. दुसऱ्याच दिवशी हॅम्बुर्ग मास्टर्स सुरू होणार होती. दोघांनीही माघार घेतली! पुढे फायनलही तीन सेटची झाली. म्हणजे बडे खेळाडू माघार घेतात हे दुखणं बारा दिवसांमुळे जन्माला आलेलं नाही. सलग दोन मोठ्या स्पर्धा ठेवल्या की कुणीतरी गळणारच.

सिनसिनाटीचा सिनर तर या वादात आणूच नका. माणूस आजारी पडला. आणि तीन आठवड्यांनी तोच यूएस ओपनची फायनल खेळत होता, समोर अल्काराझच.

(त्या रोमच्या सामन्यात फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते. अजून चुटपुट लागते.)

बेसलाइनवाला

@जुनी_रॅकेट, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. २००६ ला अडचण दिसली तेव्हा सामना लहान केला. आता अडचण दिसतेय तर स्पर्धा लांबवली. मानांकित खेळाडूला पहिली फेरी माफ असली तरी ५६ च्या ड्रॉपेक्षा विजेत्याला एक सामना जास्तच पडतो: पाचाचे सहा. दिवस मात्र सातावरून बारावर. एका सामन्यासाठी पाच दिवस हॉटेलात! अल्काराझने यावर उघड नाराजी बोलून दाखवली आहे, त्याला काय सराव कमी पडतो म्हणून?

@पात्रताफेरी, पैशाचं पटतं. पण तो वाढवायला तिकिटांचे जास्त दिवस विकणं हा एकच मार्ग आहे का? आठवड्याच्या स्पर्धेतही पहिल्या फेरीत हरणाऱ्याची रक्कम वाढवता येते, विजेत्याची थोडी कमी करून.

पात्रताफेरी

विजेत्याची कमी करायला विजेते तयार होतील तेव्हा सांगा.

नेटवरचा

मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. एक गोष्ट कुणी बोललं नाही: छोट्या स्पर्धा. मास्टर्सने कॅलेंडरमधले आठवडे खाल्ले की २५० च्या (विजेत्याला २५० गुण देणाऱ्या) स्पर्धांना जागा राहत नाही. त्यातली अटलांटा २०२४ नंतर बंदच झाली. साठाव्या क्रमांकाच्या खेळाडूला मास्टर्समध्ये पहिली फेरी मिळाली, पण जिथे तो करंडक जिंकू शकला असता ती स्पर्धा गेली. मास्टर्सच्या पहिल्या फेरीत हरून १० गुण, २५० जिंकून २५०. गणित करा.

शिवाय दुसऱ्या आठवड्यात मास्टर्समधून लवकर बाहेर पडलेला माणूस करतो काय? चॅलेंजर (खालच्या दर्जाची स्पर्धा) शोधतो नाहीतर नुसता सराव.

पात्रताफेरी

हा मुद्दा बरोबर आहे. तरी साठावा खेळाडू वर्षात किती वेळा २५० जिंकतो? मास्टर्सची पहिली फेरी त्याला वर्षात सात वेळा मिळते.

लेट_कॉल

मग ९६ चा ड्रॉ ठेवा, दिवस नऊ करा. सात फेऱ्या, दोन दिवस मधली सुट्टी. पहिल्या दोन फेऱ्या तीन दिवसांत बसवायच्या, बाहेरची कोर्ट असतातच.

जुनी_रॅकेट

पावसाचे दोन दिवस धरलेत का? रोममध्ये मे महिन्यात?

बेसलाइनवाला

एक गंमत बघा. सौदीत दहावी मास्टर्स येणार असं २०२५ मध्येच जाहीर झालं. ती किती दिवसांची? एक आठवडा, ५६ चा ड्रॉ, आणि खेळायची सक्तीही नाही. लांब स्पर्धा इतकी गुणाची असती तर नवी स्पर्धा आखूड का ठेवली?

नेटवरचा

कारण बारा दिवस रिकामे उरलेतच कुठे?