तालमीत दहा शनिवार दहा पिक्चर दाखवायचेत. 'जगातले सगळ्यात भारी' कुठले धरायचे?

पेठेतला_गडी (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

मंडळी नमस्कार. गणपतीच्या वर्गणीतनं उरलेल्या पैशात आमच्या तालमीनं प्रोजेक्टर घेतलाय. वरच्या हॉलची एक भिंत पांढरी मारून घेतली. दिवाळीनंतर दहा शनिवार, रात्री साडेआठला, फुकट, 'जगातले सगळ्यात भारी दहा पिक्चर' दाखवायचे असं ठरलं. हे ठरायला पाच मिनिटं लागली. नावं ठरवायला तीन बैठका झाल्या आणि गाडी अजून चारच्या पुढं सरकलेली नाही.

पोरांना 'सैराट' पाहिजे. गल्लीतल्या एका आजींचा निरोप आलाय की 'सांगत्ये ऐका' नसेल तर त्या येणार नाहीत आणि सतरंज्याही देणार नाहीत. (सतरंज्या त्यांच्याच आहेत, त्यामुळं ही धमकी गंभीर आहे.) मी म्हटलं, आजी, यादी जगातल्या पिक्चरांची आहे. तर म्हणाल्या, "मग? कोल्हापूर जगाच्या भाईर हाय व्हय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बघायला येणार कोण, तर मेहनत करून दमलेली पोरं, घरातलं आवरून आलेल्या बायका आणि सबटायटल वाचता न येणारी पाच-सहा म्हातारी माणसं. महान म्हणजे काय धरायचं आणि ते ठरवायचं कुणी, एवढं सांगा.

फ्रेम_२४

हे काम आधीच झालेलं आहे. लंडनहून निघणारं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून प्रत्येकी दहा नावं मागवतं आणि मतं मोजतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' वर होता, तेव्हा तो सिनेमा येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'सिटिझन केन'. २०१२ ला हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'नं त्याला हटवलं. २०२२ ला सोळाशेवर लोकांनी मत दिलं आणि शांताल आकरमन या बेल्जियन बाईंचा 'जान डिलमन' पहिला आला. १९७५ चा सिनेमा, तीन तास एकवीस मिनिटं. आपला 'पथेर पांचाली' ३५ व्या क्रमांकावर आहे.

वरचे दहा घ्या, एकेक शनिवारी लावा. वाद घालायचा असेल तर सोळाशे लोकांशी घाला.

पेठेतला_गडी

आभारी आहे. 'जान डिलमन'मध्ये काय आहे ते शोधलं. बाई बटाटे सोलते म्हणे. पोरांना सांगितलं तर एकानं विचारलं, किती किलो?

लक्ष्या_फॅन

'अशी ही बनवाबनवी'. दहाही शनिवार. विषय संपला.

केबिनवाला

नातवाकडनं टाइप करून घेतोय. तो मधी मधी शुद्ध करतोय, त्याला माझा इलाज नाही.

मी १९७१ ला ऑपरेटर म्हणून लागलो. कोल्हापुरातल्या एका थिएटराच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षं काढली. थिएटराचं नाव घेत नाही, आता तिथं पार्किंग आहे. वर दिलेल्या यादीतले निम्मे पिक्चर मी बघितलेले नाहीत, तेव्हा त्यावर बोलत नाही. पण पिक्चर भारी की हलका हे कळायचं आमचं एक माप होतं, ते सांगतो.

केबिनमध्ये दोन मशिनी. एकीवर रीळ चालू, दुसरीवर पुढचं चढवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल टिपका येतो. पहिला टिपका आला की दुसऱ्या मशिनीची मोटर सुरू करायची, काही सेकंदांनी दुसरा येतो तेव्हा पलटी मारायची. प्रेक्षकाला हे कळता कामा नये. तुम्हाला कधी तो टिपका दिसलाय का? दिसला असेल तर ते पिक्चर कंटाळवाणं होतं.

उजेड कार्बनचा. दोन कांड्या, मध्ये जाळ, बघायला काळी काच. कांड्या जळून आखूड होतात तशा पुढं सरकवत राहायचं. विसरलात की पडदा आधी पिवळा पडतो, मग अंधार, मग खालनं शिव्या.

आता माप. त्या वेळी लोक थिएटरात बिड्या ओढायचे. 'धूम्रपान मना है' हा बोर्ड होता, त्या बोर्डाखाली बसून ओढायचे. केबिनच्या भोकातनं झोत बाहेर पडला की त्यात तो धूर दिसायचा, निळसर, थरावर थर. मला पडद्याकडं बघायला सवड नसायची, पण पिक्चरची तब्येत त्या धुरावरनं कळायची. फायटिंगला धूर, कॉमेडीला धूर, हिरो-हिरोइन बागेत गेले की धूरच धूर.

१९७२ ला 'पिंजरा' आला. लावणीला पैसे उधळायचे, रात्री झाडूवाला पडद्याखालची चिल्लर गोळा करायचा. पण शेवटच्या रिळांत झोत धुऊन काढल्यागत स्वच्छ. मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर घेऊन उभा आहे आणि आपण कोण ते बोलत नाही, कारण गावानं त्या मेलेल्या मास्तराला देव केलेलं आहे. डॉक्टर लागूंचा तो चेहरा. पहिल्या दिवशी मला वाटलं गर्दी कमी आहे. वाकून बघितलं तर हाऊसफुल्ल, आणि एकानं काडी ओढलेली नाही. दुपारी चिल्लर उधळून हात रिकामे केलेली हीच माणसं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका शनिवारी सेकंड शोला मी स्वतःच त्या भोकाला डोळा लावून उभा राहिलो आणि कार्बन विसरलो. पडदा पिवळा पडत पडत मावळायला लागला. खालनं एक शिवी नाही! लोकांना वाटलं पिक्चरातच असं आहे. मालकाला तसं वाटलं नाही. एक दिवसाचा पगार कापला आणि वर म्हणाला, "तुला पिक्चर बगायला ठेवलंय काय?"

पुढं कुणीतरी सांगितलं की 'पिंजरा' हा एका जुन्या जर्मन पिक्चरावरनं बेतलेला. असू दे. धूर कोल्हापूरचा होता.

'शोले' यादीत घालायला लाजू नका. गब्बर तोंड उघडायच्या आधी अख्खं थर्ड क्लास त्याचं वाक्य म्हणून मोकळं व्हायचं. त्यात धूर भरपूर, पण ते कीर्तनागत होतं, गोष्ट माहीत असूनही यायचे. 'संत तुकाराम' घ्या, १९३६ चा. तो काढणारे दामले आणि फत्तेलाल दोघं बाबुराव पेंटरांच्या हाताखाली इथं शिकले. त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनीसुद्धा १९२९ ला कोल्हापुरातच निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. मॅटिनीला लागला होता तेव्हा पागनीसांचा तुकाराम पडद्यावर आला की पुढच्या रांगेतली म्हातारी चपला काढून बसायची. मला मात्र त्यातली जिजाई आवडते. नवरा देवाला लागलाय, घरात दाणा नाही, आणि ती विठ्ठलालाच धारेवर धरते. ते काम करणाऱ्या गौरीबाई म्हणजे कंपनीतल्या साध्या कामगार.

एक राहिलं. दहातला एक शनिवार रिकामा ठेवा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, ज्याच्या आसपास तुम्ही गाड्या लावता. बाबुरावांनी कॅमेरा इथं, स्वतःच्या हातानं बनवला. १९२० ला त्यावर 'सैरंध्री' काढला, टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. मग १९२५ ला 'सावकारी पाश'. देव नाही, राजा नाही. शेतकरी, कर्ज, जमीन गेली, शहरात गिरणीत मजुरी. शेतकऱ्याचं काम कुणी केलं? तरण्या व्ही. शांतारामबापूंनी. फ्रेम_२४ यांच्या यादीत १९५२ ला पहिला आलेला तो सायकलवाला पिक्चर १९४८ चा, म्हणजे हा त्याच्याही तेवीस वर्षं आधी.

'सावकारी पाश' तुम्हाला दाखवता येणार नाही. प्रिंट उरलेली नाही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाणी मारूनही विझत नाही. न पेटलेल्या रिळांतली कितीतरी लोकांनी चांदीसाठी गाळली. तेव्हा सोळाशे लोकांनी मतं दिली ती उरलेल्यांना दिली. झोपडीबाहेर रात्री कुत्रं रडतं असा त्यात एक प्रसंग होता, ज्यांनी बघितला त्यांनी लिहून ठेवलाय. त्या शनिवारी दिवा बंद करून तेवढं कुणीतरी वाचून दाखवा.

आणि वाचण्यावरनं आठवलं. सबटायटल वाचता येत नाहीत ही अडचण नव्हे. मूकपटाच्या जमान्यात पडद्याशेजारी उभा राहून पाट्या वाचून सांगणारा माणूस असायचा. एक खणखणीत आवाजाचं पोरगं बघा.

रविवार_दुपार (राजारामपुरी)

बटाट्यांची चेष्टा झाली म्हणून लिहिते.

'जान डिलमन' मी लॅपटॉपवर लावला होता, एकटीनं बघायचा म्हणून. सासूबाई शेंगा फोडत शेजारी येऊन बसल्या. ब्रसेल्समधली एक विधवा बाई, तिचे तीन दिवस. भांडी, मुलाचे बूट, अंथरूण, बाजार. दुपारी पैसे घेऊन एकेक पुरुष घरी येतो. दार लागतं, कॅमेरा बोळातच थांबतो. त्या वेळी सासूबाईंनी शेंगांकडं जास्त लक्ष दिलं, मीही दिलं.

पहिला दिवस संपला. त्या म्हणाल्या, "बाई नेटकी आहे." दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. संगीत नाही, क्लोजअप नाही, कुणी काही बोलत नाही. ती पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, कुठं ठेवायचं ते तिला कळत नाही. सासूबाईंचा हात शेंगांवरच थांबला. "आज हिचं काहीतरी बिनसलंय," म्हणाल्या. मी आधी वाचलेलं होतं म्हणून मला माहीत होतं. त्यांना पातेल्यावरून कळलं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझे सासरे गेले त्या वर्षी माझं असंच व्हायचं. भात लागायचा रोज." तेवीस वर्षं मी त्या घरात आहे, हे पहिल्यांदा ऐकलं.

शेवट सांगत नाही. तो बघून त्या ताडकन उठल्या आणि देवापाशी दिवा लावून आल्या. पंचविशीतल्या पोरीनं केलेला सिनेमा आहे. तालमीत लावू नका, पोरं खरंच झोपतील. पण गल्लीतल्या बायकांना एखाद्या दुपारी वेगळा दाखवा, पोरांशिवाय.

फ्रेम_२४

केबिनवाले, तुमचं पिवळ्या पडद्याचं वाचून मी माझं 'सोळाशे लोकांशी वाद घाला' हे वाक्य मागे घेतो. पहिला शनिवार 'बायसिकल थीव्हज'नं करा. दीड तासाचा आहे, आणि नायकाचं काम केलेला माणूस खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. माझ्या त्या लाडक्या यादीत तो आता ४१ व्या क्रमांकावर घसरलाय, याचा राग आहेच.

पेठेतला_गडी

पहिला शनिवार झाला, म्हणून कळवतो.

'बायसिकल थीव्हज'च लावला. केबिनवाले काकांना रिक्षा पाठवून आणलं. ते प्रोजेक्टरशेजारी खुर्ची टाकून बसले आणि पहिली दहा मिनिटं अस्वस्थ होते. याचा आवाजच येत नाही, चाललंय का बंद पडलंय कसं कळणार, असं दोनदा म्हणाले. पाट्या वाचायला नववीतली एक मुलगी उभी केली होती. तिनं सुरुवात पुस्तकी केली, मग पाचव्या मिनिटाला बाप पोराला "चल की लवकर, बगत काय उभारलास" म्हणायला लागला आणि हॉल तिच्या ताब्यात गेला.

सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन वर चढतो, वर, आणखी वर, मांडण्याच मांडण्या आणि सगळ्यात दुसऱ्यांच्या चादरींची गाठोडी. सतरंजीवाल्या आजी (त्या आल्या होत्या, 'सांगत्ये ऐका' पाचव्या शनिवारी पक्का करून घेऊन) जोरात म्हणाल्या, "आगं आई गं, एवढ्या जणांच्या!"

सायकल चोरीला गेली तेव्हा पोरं पेटली. त्यातल्या एकाची स्प्लेंडर मागच्या वर्षी महाद्वार रोडवरनं गेलीय. "धरा त्याला," "सोडू नका" असं चाललं होतं. मग शेवटी बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलून पळतो, लोक त्याला पकडतात, मुस्काटात मारतात आणि ते बारकं पोरगं बघत असतं. "धरा" म्हणणारा कुणीच काही बोलला नाही. मुलीनंही वाचणं थांबवलं, तशी गरजही नव्हती.

काका पडद्याकडं बघतच नव्हते. मला कोपरानं ढोसून त्यांनी हॉल दाखवला. सत्तरेक माणसं होती, एकाचाही मोबाईल पेटलेला नव्हता.

दिवे लागले तसे स्प्लेंडरवाला आणि आणखी दोघं चपला न घालताच जिन्यावरनं खाली धावले, गाड्या जागेवर आहेत का बघायला.

पुढच्या शनिवारी 'पिंजरा'.