अनुभव धागा : आपल्या भागात देवाधर्मावर वाद घालताना

मी देव मानत नाही. बेळगावात हे सांगणं फारसं जड नाही, सांगून झाल्यावर त्याच घरात जेवायला बसणं जड जातं. पुस्तकी मुद्दे सगळ्यांकडे आहेत. कुणापुढे, कशावरून अडलात ते लिहा. नावं टाळा.

खानापूरकर मास्तर : २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. पृष्ठताण मुलांना दाखवावा म्हणून वर्गात वरवंटा आणला. चमचा टेकवला, वरवंटाही दूध 'प्यायला'. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी एक पालक शांतपणे म्हणाले, "वरवंट्यातबी देव हायच की, सर."

निपाणीची : शेजारच्या मावशींच्या डोक्यात जट होती. विंचरणं सुटलं, तेल, घाम, धूळ बसली की केस चिकटत जातात. लोकांच्या लेखी मात्र यल्लम्मानं बोलावलेलं. मी सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "कापली आणि नातवाला काय झालं, तर भरून देणार हाईस काय तू?" चूक निघाली तर भोगायचं त्यांनी, मी नुसती बोलणार. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पुढे मान धरायला लागली तेव्हा विषय त्यांनीच काढला. कात्री चालताना मी हात धरून बसले, धर्माचं नाव काढलं नाही. जट गेली. मग देवीला सांगायला म्हणून मावशी सौंदत्तीचा डोंगर चढून आल्या, मलाही भंडारा लावला. मी जिंकले का, ते तुम्हीच ठरवा.

वडगावचा : इथे देवावरची शंका थेट मराठीपणावर जाते. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस मीही पाळतो. पण मंडळाच्या बैठकीत महाआरतीच्या खर्चाबद्दल बोललो, तर पहिला प्रश्न, "तू कुणाच्या बाजूचा?" पुण्यातल्या नास्तिकाला हे कुणी विचारत नसेल.

चिकोडी : कायद्याचा आधार घेऊ नका. कर्नाटकाचा २०१७ चा अंधश्रद्धाविरोधी कायदा चुलत्यांना वाचून दाखवला, उष्ट्या पत्रावळींवर लोळायला बंदी वगैरे. त्यात ज्योतिष आणि वास्तू वगळलेत. "म्हंजे ते सरकारलाबी पटतंय." झालं.

(हे माझ्याही घरात घडलंय, जवळजवळ याच शब्दांत. – धागाकर्ती)

टिळकवाडी : पानसरे कोल्हापूरला, कलबुर्गी धारवाडला, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे दोघे, दोघांवर गोळ्या २०१५ मध्येच. बेळगाव बरोबर मधे. तेव्हापासून आई मुद्दा खोडतच नाही. "तुझं खरं असंल, पण चौकात बोलू नको." भीतीशी वाद कसा घालायचा?

नाव नको : मानव बंधुत्व वेदिके या अंधश्रद्धाविरोधी संघटनेच्या कार्यक्रमाला ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात गेलो, तिथंच जेवलो. भूत काही दिसलं नाही. घरी आलो तर आजी दारात बादली घेऊन उभी. आंघोळीशिवाय आत घेईना. डिसेंबरच्या थंडीत कुठला विवेकवाद, घेतलं पाणी अंगावर.