थायरॉइडसाठी तज्ज्ञांकडे कधी जावे?

ताई, रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन) 7 आल्यामुळे बहिणीला मडगावहून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्यावे का, असे आपण विचारले आहे. केवळ या आकड्यावरून घाबरू नये. फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्याने टी-4 (थायरॉइड ग्रंथीचे हार्मोन) सह तपासणी पुन्हा करावी, आणि केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असल्यास त्या आधी किमान 2 दिवस बंद ठेवाव्यात, कारण त्यामुळे अहवाल चुकू शकतो. मात्र ती गरोदर असेल, गळ्याला गाठ लागत असेल किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलूनही 6 ते 8 आठवड्यांनंतरच्या तपासणीत टीएसएचचा आकडा हलत नसेल, तर हार्मोनतज्ज्ञांना दाखवण्यात कृपया अजिबात चालढकल करू नका. जुने अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. लोहाची वा कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून 4 तासांच्या आत घेतली जात असेल, तर तेही आवर्जून सांगावे.